इंग्रजी शब्दकोडी: सोडवायची कशी, रचायची कशी

इंग्रजीतलं शब्दखेळाचं कोडं समोर आलं की उत्तराच्या मागे लागण्याआधी एक गोष्ट ठरवावी: कोडं कानाचं आहे की डोळ्याचं? बहुतेक जण हे ठरवतच नाहीत. प्रश्नात आलेल्या वस्तूंचा विचार करत बसतात आणि तिथेच फसतात.

कानाच्या कोड्यात दोन शब्द ऐकायला एकसारखे असतात, लिहायला वेगळे. डोळ्याच्या कोड्यात सगळी गंमत स्पेलिंगमध्ये असते. उच्चार बाजूला राहतो किंवा मुद्दाम चकवा देतो. तिसरा प्रकार आपल्या श्लेषाचा: शब्द एक, स्पेलिंग एक, उच्चारही एक, अर्थ मात्र दोन किंवा जास्त. हा प्रकार बोलूनही चालतो आणि लिहूनही, म्हणून रचायला सुरुवात इथून करावी. सोडवायला मात्र डोळ्याची कोडी सगळ्यांत सोपी, कारण अक्षरं मोजता येतात.

खाली जिथे स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे ते अक्षरांच्या नावांनी दिलं आहे.

हा गोंधळ आला कुठून

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि इंग्रजी शब्दांची स्पेलिंग हळूहळू गोठू लागली. नेमक्या त्याच काळात, म्हणजे साधारण १४०० ते १७०० या दरम्यान, दीर्घ स्वरांचे उच्चार सरकत होते. लिपी जागेवर राहिली, जीभ पुढे गेली. 'नाइट' म्हणजे सरदार, के-एन-आय-जी-एच-टी, यातले के आणि जी-एच हे एके काळी खरोखर उच्चारले जात. आता ते नुसते उभे आहेत.

काही मूक अक्षरं तर पंडितांनी नंतर घुसवली. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला बी लॅटिन 'डेबिटम'ची आठवण म्हणून आला. 'आयलंड'मधला एस लॅटिन 'इन्सुला'वरून आला, आणि तोही चुकून. कारण आयलंड हा मूळचा जुन्या इंग्रजीतला शब्द, त्याचं इन्सुलाशी नातंच नाही. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशाने ही स्पेलिंग आणखी पक्की केली. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या कोशात काही सुटसुटीत केली, त्यामुळे कोडी रचणाऱ्यांना दोन वेगवेगळे हिशेब सांभाळावे लागतात.

या इतिहासाचा उपयोग असा: मूक अक्षर म्हणजे कोड्याचा कच्चा माल. नाइट आणि नाइट, म्हणजे सरदार आणि रात्र. राइट आणि राइट, म्हणजे लिहिणे आणि बरोबर. अवर आणि अवर, म्हणजे तास आणि आमचा. मूक अक्षर दिसलं की त्या शब्दाचा एखादा जुळा कुठेतरी आहे का, हे पाहायची सवय लावावी.

उलट, 'स्पेलिंगला काही नियमच नाहीत' असं समजून रचलेलं कोडं फसतं. जी-एच-ओ-टी-आय म्हणजे 'फिश' हा विनोद अनेकांनी ऐकलेला असतो: 'इनफ'मधल्या जी-एचचा फ, 'विमेन'मधल्या ओचा इ, 'नेशन'मधल्या टी-आयचा श. तो जॉर्ज बर्नार्ड शॉच्या नावावर खपवला जातो, पण १८५५ मधल्या एका पत्रात तो आढळतो आणि शॉचा जन्म १८५६ चा. विनोद म्हणून ठीक आहे, पण शब्दाच्या सुरुवातीला जी-एचचा फ कधीच होत नाही आणि शेवटी टी-आयचा श होत नाही. अक्षराचा उच्चार त्याच्या जागेवर ठरतो, आणि कोडं रचताना ही जागा पाळावी लागते.

सोडवताना काय पाहायचं

एक नमुना घेऊ. 'व्हॉट स्टँड्स इन द मिडल ऑफ वॉटर?' पाण्याच्या मध्यभागी काय उभं असतं? मन लगेच बेट, खडक, होडी असं धावतं. उत्तर आहे टी. डब्ल्यू-ए-टी-ई-आर, पाच अक्षरं, मधलं टी.

कोडं डोळ्याचं असल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. 'मिडल ऑफ', 'एन्ड ऑफ', 'बिगिन्स विथ', 'वन्स', 'ट्वाइस', 'नेव्हर' असे शब्द आले की आधी अक्षरं मोजावीत. आणि जिथे तीन-चार वस्तू एकत्र आल्या आहेत पण त्यांच्यातलं नातं पटत नाही, तिथे तर नक्कीच. हे पाहा: 'वन्स इन वॉटर, ट्वाइस इन अ रिव्हर, थ्राइस इन अ मिरर, नेव्हर इन द सी.' पाण्यात एकदा, नदीत दोनदा, आरशात तीनदा, समुद्रात कधीच नाही. पाणी, नदी, समुद्र एका कुळातले आहेत, म्हणून सोडवणारा प्रतिबिंबाकडे जातो. पण आरसा मध्येच कशाला आला? मोजा: वॉटरमध्ये एक आर, रिव्हरमध्ये दोन, मिररमध्ये तीन, सीमध्ये शून्य. इथे कान उपयोगाचा नाही, कारण ब्रिटिश उच्चारात वॉटरच्या शेवटचा आर ऐकूच येत नाही.

मोजून काही हाती लागलं नाही, तर पुढे या क्रमाने जावं:

१. प्रश्न मोठ्याने म्हणा. आधी सावकाश, मग भरभर. भरभर म्हणताना दोन शब्दांच्या मधली फट सरकते आणि कानाची कोडी उघडी पडतात.

२. प्रश्नातली क्रियापदं बाजूला लिहा. रन, ड्रॉ, ब्रेक, कॅच, कीप, लूज, स्ट्राइक यांच्यासारख्या रोजच्या क्रियापदांना चार-पाच अर्थ सहज असतात. प्रत्येकाचा दुसरा अर्थ घेऊन प्रश्न पुन्हा वाचा.

३. शरीराचे अवयव शोधा. इंग्रजीत घड्याळाला चेहरा आणि हात असतात, सुईला आणि बटाट्याला डोळे, बुटाला जीभ, पुस्तकाला कणा, नदीला तोंड आणि बिछाना. 'हात आहेत पण टाळी वाजवत नाही' छापाची सगळी कोडी इथून निघतात. मराठीत घड्याळाला काटे आणि सुईला नेढं असल्यामुळे ही कोडी मराठीत विचार करून सुटत नाहीत. वस्तूच्या भागाचं इंग्रजी नाव आठवावं लागतं.

४. शब्द तोडून पाहा. 'नोटेबल' म्हणजे नामवंत: एन-ओ-टी-ए-बी-एल-ई. दुसऱ्या अक्षरानंतर तोडला तर 'नो टेबल', तिसऱ्यानंतर तोडला तर 'नॉट एबल'. कोडं असं होईल: मी नामवंत, पण घरात जेवायला मेज नाही, आणि अंगात काही करायची ताकदही नाही.

५. डोकं उडवा. पहिलं अक्षर काढून उरलेला शब्द पाहायचा. पूर्ण असताना मी श्वास कोंडते. डोकं काढलं की मीच तुम्हाला श्वास दिलेला. पुन्हा काढलं की मी कुणी दुसरीच. उत्तर: स्मदर, मदर, अदर. हा प्रकार डोळ्याचा आहे, पण मूक अक्षराचा शब्द घेतला तर त्यात कानही खेचता येतो: डोकं असतं तेव्हा मी घोड्यावर बसतो, उडवलं की दिवस मावळतो, पण ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. तोच तो नाइट.

इतकं करूनही सुटलं नाही, तर प्रश्न अगदी सरळ, शब्दशः घेऊन पाहावा. काही कोड्यांत खेळ नसणं हाच खेळ असतो, आणि ती बहुधा कंटाळवाणी असतात.

आवाज वेगळा, स्पेलिंग एक

मराठीत पाण्याचा जग आणि अवघं जग लिहायला सारखेच, म्हणताना वेगळे. इंग्रजीत अशा जोड्या भरपूर आहेत: अश्रूचा टिअर आणि फाडण्याचा टेअर, शिसं म्हणजे लेड आणि पुढे नेणं म्हणजे लीड, धनुष्य बो आणि वाकणं बाउ. काही जोड्यांत फक्त आघात बदलतो. 'रेकॉर्ड', 'ऑब्जेक्ट', 'प्रेझेंट' हे शब्द नाम असले तर आघात शब्दाच्या पहिल्या उच्चारखंडावर, क्रियापद असले तर दुसऱ्यावर. 'पॉलिश'चं पहिलं अक्षर मोठं केलं की चकाकी जाऊन 'पोलंडचा' असा अर्थ येतो, आणि उच्चारही 'पोलिश' होतो.

यातला सर्वांत मजेदार शब्द एन-यू-एम-बी-ई-आर. 'नंबर' म्हणजे संख्या. पण 'नम' म्हणजे बधिर, आणि अधिक बधिर म्हणजे 'नमर', स्पेलिंग तेच. म्हणून कागदावर लिहून विचारता येतं: बर्फात तासभर राहिल्यावर माझी बोटं 'नंबर' झाली, तर ती किती झाली? उत्तर: होती तेवढीच, फक्त जास्त बधिर. हे कोडं बोलून विचारता येत नाही, कारण उच्चारताच गुपित फुटतं. देवनागरीतही नीट छापता येत नाही, त्याच कारणाने. असली कोडी रोमन लिपीत लिहून दाखवायचीच.

याच जातीचा 'फ्लॉवर'. फूल हा अर्थ सगळ्यांना माहीत. पण 'फ्लो' म्हणजे वाहणं, तर वाहणारा तो 'फ्लोअर', आणि स्पेलिंग फुलाचंच. इंग्रजी गूढ शब्दकोड्यांत, म्हणजे क्रिप्टिक क्रॉसवर्डमध्ये, फूल असं लिहून नदी अपेक्षित असते, ती यामुळे.

रचायची पद्धत

प्रश्नापासून सुरुवात करू नये. आधी उत्तराचा शब्द निवडावा आणि मागे मागे यावं. 'स्प्रिंग' घेऊ. अर्थ लिहून काढा: वसंत ऋतू, झरा, गुंडाळीची स्प्रिंग, उडी मारणं. चारपैकी तीन पुरेत. दोनच अर्थ घेतले तर कोडं लगेच सुटतं, पाच घेतले तर ते कोशातली नोंद वाटू लागतं. आता प्रत्येक अर्थाबद्दल एक साधं विधान करा, पण अर्थाचं नाव न घेता. पहिला मसुदा:

'आय कम आफ्टर विंटर. आय कम आउट ऑफ रॉक. आय हॅव बीन इन युअर सोफा ऑल इयर.'

हे कोडं पहिल्याच वाक्यात मेलं. हिवाळ्यानंतर काय येतं हे कुणालाही माहीत असतं. पुढची दोन वाक्यं नुसती शोभेची. सगळ्यांत सोपी खूण शेवटी न्यायची आणि तिच्यातला उघडा शब्द काढायचा:

'आय हॅव बीन इन युअर सोफा ऑल इयर. आय कम आउट ऑफ रॉक. यट पीपल से आय हॅव जस्ट अराइव्हड.'

म्हणजे वर्षभर तुमच्या सोफ्यातच होते, खडकातून बाहेर येते, तरी लोक म्हणतात आत्ताच आले. आता तिन्ही वाक्यं एकमेकांना विरोध करतात, आणि तो विरोध फक्त एका शब्दाने मिटतो. चांगल्या श्लेषकोड्याची हीच परीक्षा. लांबी वीस-पंचवीस शब्दांच्या आत ठेवावी. ऐकणाऱ्याला पहिलं वाक्य शेवटपर्यंत लक्षात राहायला हवं.

स्वतःलाच विरोध करणारे शब्द इथे फार कामाचे. 'फास्ट' म्हणजे वेगवान आणि 'फास्ट' म्हणजे घट्ट: कोणती होडी फास्ट असते पण हलत नाही? काठाला घट्ट बांधलेली. 'लेफ्ट' म्हणजे निघून गेलेला आणि उरलेलाही. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि निर्बंधही. 'डस्ट' म्हणजे धूळ झटकणं आणि भुकटी भुरभुरणंही. अशा शब्दाला फारसं सजवावं लागत नाही.

कानाचं कोडं रचताना व्याकरण जुळवणं हे खरं काम. सायकल उभी का राहू शकली नाही, या जुन्या कोड्याचं उत्तर 'टू टायर्ड': फार दमलेली, आणि दोन टायरांची. दोन्ही अर्थांत 'टायर्ड' विशेषणच आहे, म्हणून ते बसतं. अमेरिकन स्पेलिंगमध्ये तर हे दोन 'टायर्ड' लिहायलाही एकच होतात, फरक फक्त 'टू'मध्ये उरतो. त्याच साच्यावर 'वीक' घेऊन पाहा: पंधरवड्याला खोकं का उचलता आलं नाही? 'टू वीक', फार अशक्त. पण दोन आठवडे म्हणजे 'टू वीक्स', शेवटी स येतो, आणि कोडं लंगडतं. उपाय सोपा आहे: संख्या आणि नाम जोडून विशेषण केलं की इंग्रजीत अनेकवचनाचा एस गळतो, जसं 'टू-वीक प्लॅन'. म्हणून प्रश्न बदला: 'व्हाय डिड द फॉर्टनाइट्स प्लॅन फेल? बिकॉज इट वॉज टू वीक.' एका एसने बिघडलेली बरीच कोडी या युक्तीने वाचतात.

खेळवायचा शब्द प्रश्नात ठेवायचा की उत्तरात, हेही ठरवावं. 'व्हॉट रूलर हॅज ओन्ली वन फुट?' यात दोन्ही खेळ प्रश्नातच आहेत: रूलर म्हणजे राजा किंवा पट्टी, फुट म्हणजे पाऊल किंवा बारा इंच. शब्द डोळ्यांसमोर असूनही उत्तर सुचत नाही, हे अशा कोड्याचं वैशिष्ट्य. मात्र खेळाचा शब्द प्रश्नातही आणि उत्तरातही आला तर मजा जाते.

कान आणि डोळा यांची सरमिसळ टाळावी. बुटाचं हे कोडं पाहा: 'आय हॅव अ टंग बट नो टेस्ट, अ सोल बट नो लाइफ.' जीभ आहे पण चव नाही, सोल आहे पण जीव नाही. जिभेचा खेळ बोलून-लिहून दोन्हीकडे चालतो. पण तळव्याचा सोल एस-ओ-एल-ई आणि आत्म्याचा एस-ओ-यू-एल, तेव्हा रोमन लिपीत लिहिताना एक निवडावाच लागतो आणि निम्मं कोडं जातं. हे बोलूनच विचारायचं. डॉक्टर घाईने काय गमावतो, याचं उत्तर 'पेशन्स', म्हणजे धीर आणि रुग्णही, हेही तसंच.

कुठे बिघडतं

मराठी बोलणाऱ्यांचा एक खास सापळा आहे. आपण पेन आणि पेन, म्हणजे लेखणी आणि वेदना, सारखेच म्हणतो. गेट आणि गेट, मिळवणं आणि फाटक. टेस्ट आणि टेस्ट, चाचणी आणि चव. सेल आणि सेल, विकणं आणि विक्री. वेट आणि वेट, ओलं आणि थांबणं. इंग्रजीत या सगळ्या जोड्यांचे स्वर वेगळे आहेत. व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींसाठी आपला एकच व, त्यामुळे द्राक्षवेल आणि दारू हेही 'वाइन' म्हणून एक होतात. आपसांत ही कोडी झकास चालतात, पण इंग्रजी कोडं म्हणून बाहेर दिली तर समोरच्याला विनोद कळतच नाही. शंका आली की कोशातलं उच्चारचिन्ह पाहावं, देवनागरी रूपावर विसंबू नये.

बोलीभेद हा दुसरा सापळा. दक्षिण इंग्लंडमध्ये 'सॉस' आणि 'सोर्स', 'कॉट' (पकडला, सी-ए-यू-जी-एच-टी) आणि 'कोर्ट' एकच ऐकू येतात. अमेरिकेत बहुतांश ठिकाणी आर स्पष्ट उच्चारतात, म्हणून ते वेगळे. उलट अमेरिकेत 'मेटल' आणि 'मेडल' एक होतात, ब्रिटिश कानाला ते वेगळे. अक्षरांच्या नावांवरची कोडीही अशीच. सगळे जेवून उठल्यावर भांड्यात कोणती दोन अक्षरं उरतात? एम आणि टी, म्हणजे 'एम्प्टी'. हे सगळीकडे चालतं. पण ई आणि झेड मिळून 'ईझी' हे फक्त 'झी' म्हणणाऱ्यांसाठी. 'झेड' म्हणणाऱ्याला ते कधीच सुटणार नाही.

संख्यांच्या नावांवरची कोडी नेहमी यशस्वी होतात, पण अटी नीट लिहाव्या लागतात. 'फोर' या एकाच संख्येच्या नावात तिच्या किमतीइतकी अक्षरं आहेत. 'फॉर्टी'ची अक्षरं वर्णक्रमाने येतात, 'वन'ची उलट्या क्रमाने. एकपासून मोजत गेलं तर ए हे अक्षर पहिल्यांदा कुठे येतं? 'थाउझंड' असं उत्तर सांगतात, पण ब्रिटिश पद्धतीने 'हंड्रेड अँड वन' म्हटलं तर ते एकशे एकलाच येतं. प्रश्नात 'अँड न वापरता' हे घातलं नाही तर वाद ठरलेला.

कोडं बाहेर काढण्याआधी दोन जणांवर तपासावं: एकाला फक्त ऐकवायचं, दुसऱ्याला फक्त रोमन लिपीत लिहून दाखवायचं. ऐकणाऱ्याला सुटलं आणि वाचणाऱ्याला नाही, तर ते कानाचं आहे, आणि तसंच विचारावं. दोघांनाही उत्तर ऐकून 'असं होय' वाटण्याऐवजी 'हे कसं?' वाटलं, तर एखादी खूण उत्तराला लागू पडत नाही; ती शोधून बदलावी. आणि कुणी सगळ्या खुणांना बसणारं दुसरंच उत्तर दिलं, तर ते बरोबर मानावं आणि पुढच्या वेळी ते वगळणारी एक खूण वाढवावी. आपलंच उत्तर खरं म्हणून भांडणाऱ्याची कोडी लोक पुन्हा सोडवायला घेत नाहीत.

सरावासाठी माल हवा असेल तर हे शब्द घ्या. कानासाठी वेस्ट, म्हणजे कंबर आणि वाया घालवणं, तसंच होल, म्हणजे संपूर्ण आणि भोक. श्लेषासाठी मॅच, बँक, की आणि लेटर. डोकं उडवण्यासाठी प्लेट, लेट, एट. 'होल'मधली संपूर्णता डब्ल्यूने सुरू होते आणि तो डब्ल्यू उडवला की भोक उरतं, आवाज तोच. म्हणजे एका शब्दात कानाचं आणि डोळ्याचं अशी दोन्ही कोडी तयार आहेत. फक्त घालायची कशी ते ठरवायचं.